मालकीचा वाद आणि स्लॅबचा भार

गुडिहत्नूरला मोठा महामार्ग सोडून इंद्रवेल्लीवरून उटनूरकडे येणाऱ्या प्रवाशाला सागाची राने, कापसाची शेते आणि मधूनच एखादा गोंडांचा गुडा, म्हणजे पाडा, अद्यापि दिसतो. परंतु गावाच्या तोंडाशी आल्यावर प्रथम नजरेत भरतात त्या मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांनी उभ्या राहिलेल्या पक्क्या इमारती. खाली कापडाचे किंवा मोबाइलचे दुकान, वर लॉज अथवा खाजगी दवाखाना, त्याच्याही वर एखादी शिकवणी नाहीतर मुलांचे वसतिगृह, आणि सर्वांच्या माथ्यावर पुढच्या मजल्याच्या आशेने मोकळ्या सोडलेल्या गंजक्या सळया. आदिलाबाद जिल्ह्यातील हे मंडलाचे ठाणे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडते, एकात्मिक आदिवासी विकास संस्थेची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीडीएची, कचेरी येथेच आहे, आणि तेलुगू, गोंडी, मराठी, उर्दू ह्या चारही भाषा येथील बाजारात एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात. असे हे गाव वाढावे, त्यात व्यापार वाढावा, ह्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. माझा प्रश्न फार साधा आणि काहीसा अरसिक आहे. ह्या इमारती तपासतो कोण?

उत्तर असे की बहुतांशी कोणीच नाही. आणि त्यामागे आळस किंवा लाचलुचपत ह्यांच्यापेक्षा खोल असे एक कारण आहे. ते समजण्यासाठी जमिनीच्या कायद्याकडे वळले पाहिजे. अनुसूचित क्षेत्रांतील जमीन-हस्तांतरणासंबंधी 1959 साली आंध्रात जो विनियम झाला तो 1963 मध्ये तेलंगणालाही लागू करण्यात आला, आणि 1970 च्या पहिल्या विनियमाने, ज्याला इकडे अडाणी-शहाणा प्रत्येक मनुष्य ‘वन सेव्हंटी’ म्हणून ओळखतो, त्या मूळ विनियमाला आजची कडक धार आली. ह्या विनियमान्वये आदिवासी क्षेत्रातील स्थावर मालमत्ता आदिवासीखेरीज अन्य कोणाच्या नावे होऊ शकत नाही. विक्री नाही, गहाण नाही, बक्षीसपत्र नाही, अदलाबदल नाही, एवढेच नव्हे तर भाडेपट्टाही नाही. आणि बिगर-आदिवासीच्या कब्जात एखादी मालमत्ता आढळली तर ती मुळात आदिवासीकडूनच आली असे गृहीत धरून, तसे नसल्याचा पुरावा देण्याचा भार कब्जेदारावर टाकला आहे. 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था वैध ठरवली आणि 1997 च्या समता खटल्यात तर सरकारने स्वतःची जमीनही अशा क्षेत्रात बिगर-आदिवासीला पट्ट्याने देऊ नये इतपर्यंत न्यायालय गेले. सीमेपलीकडे किनवटला, जे 1956 पर्यंत ह्याच आदिलाबाद जिल्ह्याचा तालुका होते, महाराष्ट्राच्या महसूल संहितेत जिल्हाधिकाऱ्याच्या व शासनाच्या मंजुरीची एक खिडकी तरी ठेवली आहे. उटनूरला ती खिडकीही नाही.

कायदा न्याय्य आहे, आणि तो का झाला हे ज्याला कळत नाही त्याने इंद्रवेल्लीत गोळीबारात पडलेल्या गोंडांच्या स्तंभापाशी थोडा वेळ उभे राहावे. परंतु कायदा आणि बाजार ह्यांचे नाते नेहमीच विचित्र असते. व्यापारी आले, त्यांनी दुकाने थाटली. कोणी 1970 च्या आधीपासूनचे. कोणी एखाद्या आदिवासी गृहस्थाच्या नावावर इमारत उठवून स्वतः खाली गल्ल्यावर बसलेले. कोणी साध्या कागदावरच्या, ज्याला न्यायालयात दमडीची किंमत नाही अशा, करारावर विसंबलेले. आता अशा मनुष्याने इमारतीचा नकाशा घेऊन पंचायतीकडे परवानगी मागावयास जावे तर पहिलाच सवाल मालकीच्या कागदाचा येतो. तो कागद त्याच्यापाशी नसतो, किंवा असतो तो दाखवण्याजोगा नसतो. म्हणून तो अर्ज करीत नाही. अर्ज नाही म्हणून परवानगी नाही. परवानगी नाही म्हणून नकाशा नाही. आणि नकाशा नाही म्हणून तपासणाऱ्याला कशाशी ताडून पाहावे हेच उरत नाही. मालकी सदोष आहे एवढ्या एका कारणास्तव त्या इमारतीचे खांब, तुळया, जिने आणि विजेच्या तारा राज्यसंस्थेच्या दृष्टीआड होतात.

ह्यातील विपरीतता अशी की ती इमारत राज्याला अन्य प्रत्येक बाबतीत व्यवस्थित दिसते. तिची घरपट्टी आकारली जाते. तिला व्यापारी दराचे वीजमीटर मिळते, कारण वीज कंपनीला बिलाशी कर्तव्य असते. दुकानदार वस्तू व सेवा कर भरतो. वजनमापांचा शिक्का मारून घेतो. अन्नपदार्थांची विक्री असेल तर त्याचाही परवाना भिंतीवर टांगतो. सरकारचे सगळे हात त्या दुकानाच्या गल्ल्यापर्यंत पोचतात. फक्त ज्याने छताकडे मान वर करून पाहावे तो मनुष्य तेवढा येत नाही. का येत नाही म्हणून विचारावे तर सांगतात, की साहेब, ती इमारतच बेकायदेशीर आहे, तिची तपासणी कशी करणार? जणू बेकायदेशीर स्लॅब कोसळताना खालच्या माणसांना तेवढा चुकवून कोसळतो.

येथे क्षणभर यंत्रणेचाही विचार केला पाहिजे. घटनेच्या 243 झेडसी ह्या अनुच्छेदाप्रमाणे, संसदेने वेगळा कायदा केल्याखेरीज, अनुसूचित क्षेत्रांना नगरपालिकांसंबंधीचा भाग लागू होत नाही. तसा कायदा करण्यासाठी 2001 मध्ये आणलेले विधेयक अजून विधेयकच आहे. परिणामी अशा क्षेत्रातील मोठी गावे एकतर वर्षानुवर्षे निवडणुकीविना पडलेल्या नगरपालिका होऊन बसतात, जशी मंदमर्री, किंवा मग शहराएवढा बाजार अंगावर घेऊन ग्रामपंचायतच राहतात. शहरांना निदान नगररचना शाखा असते, तेथे इमारत निरीक्षक नावाचा कोणी असतो, त्याच्या हाताखाली साखळी धरणारा असतो. ग्रामपंचायतीत हे सारे एका कार्यदर्शीच्या, म्हणजे पंचायत सचिवाच्या, पदरात येते. 2018 च्या तेलंगण पंचायत राज कायद्यानंतर दर गावाला कार्यदर्शी मिळाला, त्यासाठी हजारो तरुणांची भरती झाली, ही गोष्ट चांगली झाली. परंतु त्याच्या दिवसाकडे पाहावे. सकाळी कचऱ्याचा ट्रॅक्टर निघाला की नाही, गावच्या रोपवाटिकेत किती रोपे जगली, वैकुंठधामाचे काम कोठवर आले, पाण्याची टाकी, जन्ममृत्यूची नोंद, घरपट्टीची वसुली, आणि संध्याकाळी ह्या सर्वांची छायाचित्रे मोबाइलवरून वर पाठवणे. अशा मनुष्याने तीन मजली लॉजच्या तुळईत सळई किती जाडीची आहे हे पाहावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे पोस्टमनकडून नाडीपरीक्षेची अपेक्षा ठेवणे होय. तो अभियंता नाही. त्याला ते शिकवलेले नाही. आणि शिकवले असते तरी सरपंच, भोवतालचे पुढारी आणि इमारतीचा धनी ह्या तिघांच्या मध्ये उभे राहून काम बंद करण्याचे बळ त्याच्या नोकरीत नाही.

शहरांत तरी वारे कोणत्या दिशेने वाहत आहेत? 2020 साली राज्याने इमारत परवानगीसाठी स्वयंप्रमाणनाचा कायदा केला. त्याप्रमाणे 75 चौरस वारांपर्यंतच्या लहान जागेवर घर बांधणाऱ्याला केवळ नोंदणी पुरते, सहाशे चौरस वारांपर्यंत आणि दहा मीटर उंचीपर्यंतच्या घराला अर्जदाराच्या स्वतःच्या प्रतिज्ञेवर तत्काळ मंजुरी मिळते, आणि त्याहून मोठ्या प्रकरणांचा निकाल एकवीस दिवसांत लागतो. नागरिकावर विश्वास ठेवावा, त्याला खेटे घालावयास लावू नयेत, हे तत्त्व मला मान्य आहे. मात्र ही सर्व व्यवस्था ‘जागा माझी आहे’ ह्या पहिल्या वाक्यावर उभी आहे, आणि उटनूरच्या बाजारात पुष्कळांना नेमके तेच एक वाक्य लिहिता येत नाही.

आता तपासणी म्हणजे काय, हेही एकदा नीट पाहिले पाहिजे. कारण सर्वसामान्य समजुतीत इमारत निरीक्षक म्हणजे फाइल काखेत मारून येणारा, चहा पिणारा आणि पाकीट घेऊन जाणारा इसम, एवढेच चित्र असते. खऱ्या मुआइन्याला मोक्याचे क्षण मोजकेच असतात, आणि ते टळले की पुन्हा येत नाहीत. पहिला क्षण पाया उघडा असताना. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते. तिच्यावर उथळ पाया घातला तर चार-दोन वर्षांत भिंतीला जोत्यापासून तिरपी चीर जाते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी खाली फुगीर बुडाचे खोल खुंट बसवण्याची पद्धत काढली, ती देशभर ठाऊक आहे. पण ती वापरावयाची की मुरूम लागेपर्यंत खणावयाचे की दोन्ही टाळून सिमेंटने भेग लिंपावयाची, हे खड्डा उघडा असेपर्यंतच सांगता येते.

दुसरा क्षण ह्याहून महत्त्वाचा, आणि तो जेमतेम एका सकाळचा असतो. सेंट्रिंग ठोकून झाले आहे, सळया बांधून झाल्या आहेत, आणि काँक्रीटचा मिक्सर अजून सुरू व्हायचा आहे. ह्या वेळी स्लॅबवर चढलेल्या जाणत्या माणसाला इमारतीचे पुढील पन्नास वर्षांचे आयुष्य उघडे दिसते. खांबात सळया किती आणि कोणत्या जाडीच्या. रिंगांमधले अंतर सारखे आहे की मेस्त्रीने लोखंड वाचवण्यासाठी मधल्या मधे गाळल्या आहेत. रिंगेचे आकडे आत वळवले आहेत की बाहेरच मोकळे सोडले आहेत. सळई आणि लाकडी फळी ह्यांच्यामध्ये कव्हरचे ठोकळे आहेत की सळई फळीवरच लोळत आहे. आय. एस. 456 ह्या काँक्रीटच्या मानकात खांबाच्या सळईवर चाळीस मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे ते उगीच नव्हे. आवरण नसेल तर ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते, आणि फुगलेले लोखंड बाहेरचे काँक्रीट खपलीसारखे उडवून देते. दुपारी मिक्सर फिरू लागला की हे सारे कायमचे झाकले जाते, आणि नंतर त्याविषयी जे काही कळावयाचे ते हातोडीने ठोकून, आवाजाच्या पोकळपणावरून, अंदाजानेच कळते. तिसरा मोका टेकू काढतानाचा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखाली सात दिवस आणि त्याहून रुंद असेल तर चौदा दिवस टेकू ठेवावेत असे तेच मानक म्हणते. पण सेंट्रिंगच्या फळ्या भाड्याच्या असतात आणि भाडे दिवसाने चढते.

आणि त्या माथ्यावरच्या सळया. दोन मजल्यांपुरता पाया आणि नऊ इंची भिंतीत लपावेत म्हणून नऊ इंचच जाडीचे खांब घालून, ‘पुढे पाहू’ म्हणून मोकळ्या सोडलेल्या सळया पाच-सात पावसाळे खातात. मग धंदा वाढतो, मुलाचे लग्न निघते किंवा लॉजला गिऱ्हाईक चांगले मिळू लागते, आणि त्याच गंजलेल्या सळयांना नवे लोखंड बांधून तिसरा मजला चढतो, पुढे चौथाही. खालचा पाया किती मजल्यांसाठी घातला होता हे सांगणारा मेस्त्री एव्हाना दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि नकाशा तर मुळातच नव्हता. उटनूरच्या व्यापारी इमारतींत मला सर्वांत अधिक भय वाटते ते ह्या चढत्या मजल्यांचे.

भय काल्पनिक नाही. आमच्यासारखेच अनुसूचित क्षेत्रातले आणि आमच्यासारखेच ग्रामपंचायतीच्या अमलाखालचे भद्राचलम हे तीर्थाचे गाव. तेथे 26 मार्च 2025 रोजी बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत भुईसपाट झाली आणि ढिगाऱ्याखाली सापडलेले दोन कामगार दगावले. परवानगी आणि नियम डावलून मजले चढवल्याचा आक्षेप लगोलग पुढे आला, अधिकाऱ्यांची धावपळ झाली, चौकशीचे हुकूम सुटले. अपघातापूर्वी त्या इमारतीच्या प्रत्येक स्लॅबच्या वेळी कोणी अभियंता उभा होता काय, हा प्रश्न मात्र कोणाला विचारावासा वाटला नाही, कारण असा कोणी उभा राहण्याची पद्धतच आपल्याकडे नाही. आगीचे म्हणाल तर सिकंदराबादला 12 सप्टेंबर 2022 च्या रात्री विजेच्या दुचाक्यांच्या दुकानात लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये चढला आणि आठ माणसे गेली. खाली गाड्यांचे दुकान, वर लॉज, मध्ये एकच जिना : हा नमुना ओळखण्यासाठी उटनूरकरांना सिकंदराबादला जाण्याची गरज नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत व्यापारी इमारतीचा जिना दीड मीटर रुंद असावा असे आहे. आमच्या बाजारातल्या जिन्यावर समोरून कोणी येत असले तर एकाने भिंतीला पाठ लावून उभे राहावे लागते, आणि त्याच जिन्याच्या पोटात मीटरांचा फळा, जुनी खोकी आणि दोन मोटारसायकली असतात.

मालकी आणि मजबुती ह्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे ज्याला पटत नसेल त्याने मुंबई-ठाण्याकडच्या 2013 ह्या एकाच वर्षातील दोन दुर्घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. 4 एप्रिलला शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील इमारत कोसळली. चौऱ्याहत्तर माणसे मेली. ती इमारत सर्वस्वी अनधिकृत होती, काही महिन्यांत मजल्यावर मजला रचून उभी केलेली होती, आणि पुढे बिल्डरांबरोबर महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. 27 सप्टेंबरला मुंबईत डॉकयार्ड रोडवरची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. एकसष्ट माणसे मेली. त्या इमारतीच्या मालकीत खोट काढावयास जागाच नव्हती, कारण ती खुद्द मुंबई महानगरपालिकेची होती आणि तीत पालिकेचेच नोकर कुटुंबांसह राहत होते. एकीचा कबाला सदोष, दुसरीचा निर्दोष. गुरुत्वाकर्षणाने दोघींत भेद केला नाही. मग निरीक्षकाने तो भेद प्रथम का करावा?

आपल्या समाजाला निरीक्षकापेक्षा हातोडा प्रिय आहे, हेही येथे सांगून टाकतो. महापालिकेचे अधिकारी गो. रा. खैरनार ह्यांनी मुंबईत नव्वदच्या दशकाच्या आरंभी बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यांना डोक्यावर घेतले, आणि ते काही अंशी योग्यही होते. परंतु एखाद्या स्लॅबच्या सकाळी, रिंगा अपुऱ्या आहेत म्हणून मिक्सर थांबवून मेस्त्रीकडून त्या पुन्हा बांधून घेणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याची बातमी मी तरी कधी वाचलेली नाही. पाडणे हे दिसते, थांबवणे दिसत नाही. शिवाय पाडणेही आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्वसूचना, पंधरा दिवसांची मुदत आणि सुनावणी ह्यांची बंधने घातली, ती यथायोग्य आहेत. त्यानंतर महिनाभराने, 17 डिसेंबरला, त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात बांधकाम चालू असताना वेळोवेळी जागेवर जाऊन तपासावे, त्याची नोंद ठेवावी, मंजूर नकाशा जागेवर लावावा आणि भोगवटा प्रमाणपत्रावाचून वीज-पाणी देऊ नये असेही बजावले. पहिल्या निकालाची चर्चा घरोघरी झाली. दुसरा वकिलांच्या टेबलावरून खाली उतरला नाही. आपल्या परंपरेत मात्र हे शहाणपण नवे नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रातील नागरिकप्रणिधीच्या अध्यायात उन्हाळ्यात आगीपासून जपण्यासाठी घरोघर पाण्याचे घट, शिडी, कुऱ्हाड, आकडा, पखाल जवळ बाळगण्याचा दंडक घातला आहे आणि न बाळगणाऱ्यास दंड सांगितला आहे. घर कोणाच्या नावावर आहे ह्यावर त्याने ती सामग्री अवलंबून ठेवलेली नाही.

आता माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप. आदिवासी कार्यकर्ते म्हणतील, आणि त्यांना तसे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे, की बिगर-आदिवासीच्या इमारतीचा सरकारी मुआइना झाला, त्याचा कागद निघाला, त्यावर शिक्का पडला, की उद्या तोच कागद कब्जाचा पुरावा म्हणून जमीन-हस्तांतरणाचे खटले चालवणाऱ्या विशेष उपजिल्हाधिकाऱ्यांपुढे येईल. घरपट्टीच्या पावत्यांचे, वीजबिलांचे असेच झाले. ह्या भागाचा इतिहास कागदांनी केलेल्या घाताचा इतिहास आहे. निजामी अमलात पटवाऱ्याच्या दप्तरात ज्याचे नाव चढले त्याची जमीन आणि ज्याने पिढ्यान् पिढ्या नांगरली तो उपरा, असा न्याय चालला, म्हणून 1940 मध्ये जोडेघाटला गोंडांचा पुढारी कुमराम भीम पडला. म्हणून हैदराबाद सरकारने मानवशास्त्रज्ञ हायमेन्डॉर्फ ह्यांना ह्या डोंगरांत पाठवले, ज्यांनी मारलवाईत राहून गोंडांची हकीकत सरकारदरबारी घातली. आणि तरीही 20 एप्रिल 1981 ला इंद्रवेल्लीत जमिनीच्याच मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळ्या चालल्या. ह्या लोकांना नव्या कागदाचा संशय येत असेल तर तो संशय अनुभवाचा आहे.

पण ह्याच आक्षेपाला धरून पुढे गेले की एक गोष्ट डोळ्यांत खुपते. ह्या न तपासलेल्या इमारतींत मरण्याचा धोका कोणाला आहे? मालक बहुधा आदिलाबादला किंवा हैदराबादला राहतो. कापडाच्या दुकानात बारा तास उभी असते ती शेजारच्या गुड्यावरची पोरगी. तिसऱ्या मजल्यावरच्या वसतिगृहात राहतात ती कोलाम, गोंड, आंध आणि लंबाड्यांची मुले. दवाखान्याच्या खाटेवर असतो तो कपाशीला फवारणी करताना विष चढलेला शेतकरी. ज्या कायद्याने आदिवासीच्या जमिनीचे रक्षण करावे त्याच कायद्याचे निमित्त करून त्याच आदिवासीच्या डोक्यावरचे छत कोणी पाहू नये, हा कायद्याचा हेतू खचित नव्हता.

म्हणून माझी सूचना अशी. पाचव्या अनुसूचीच्या पाचव्या परिच्छेदाने राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रासाठी विनियम करण्याचा अधिकार दिला आहे. ‘वन सेव्हंटी’ त्याच अधिकारातून निघाला. आदिवासी सल्लागार परिषदेचा विचार घेऊन आणि राष्ट्रपतींच्या संमतीने तितकाच लहानसा आणखी एक विनियम व्हावा. लोक ज्यात व्यापारासाठी, उपचारासाठी किंवा शिक्षणासाठी एकत्र येतात अशी प्रत्येक इमारत, मालकीचा प्रश्न न विचारता, तपासणीस पात्र समजावी. मुआइन्याच्या कागदावर मालक हा रकानाच नसावा. इमारत कोठे आहे, किती मजल्यांची आहे, कोणत्या वापराची आहे आणि धोका कशात आहे, एवढेच असावे. आणि हा कागद मालकी किंवा कब्जा सिद्ध करण्यासाठी कोणत्याही न्यायालयात वा कचेरीत ग्राह्य धरला जाणार नाही, असे एक कलम स्वच्छ शब्दांत घालावे. त्याची एक प्रत विशेष उपजिल्हाधिकाऱ्यांकडे आपोआप जावी. ह्यामुळे लोक इमारती लपवतील, अशी भीती काहीजण घालतील. तीन मजली लॉज कसा लपवतात हे मला कळत नाही.

हे काम कार्यदर्शीच्या गळ्यात मारू नये. आयटीडीएच्या कुमराम भीम संकुलापासून बाजार चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि शाळा, वसतिगृहे, पूल बांधून घेणारे आदिवासी कल्याण खात्याचे अभियंते उटनूरलाच बसतात. स्लॅबच्या आदल्या दिवशी वर्दी देणे इमारत बांधणाऱ्यावर आणि मिक्सर भाड्याने देणाऱ्यावर, अशा दोघांवरही बंधनकारक करावे. एकाने चुकवले तर दुसऱ्याच्या वर्दीने कळावे. तपासणीचा खर्च बांधणाऱ्याकडून घ्यावा. धोकादायक ठरलेल्या इमारतींची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचली जावी, आणि अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींसाठीच्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले आहे त्याचा मान राखून, दोन महिन्यांत दुरुस्ती न झाल्यास वरचे मजले रिकामे करण्याचा ठराव तिने करावा. दुकानाच्या दारावर तेलुगू, गोंडी आणि मराठीत लावलेल्या एका तांबड्या पाटीने जे होईल ते दहा नोटिशींनी होणार नाही, असा माझा अंदाज आहे; व्यापाऱ्याला दंडापेक्षा गिऱ्हाईक बिचकण्याचे भय अधिक असते.

ह्यात निरीक्षक पैसे खाईल, असेही म्हटले जाईल. खाईल, पण आज तो खातो ते न पाहण्याचे, आणि त्याची नोंद कोठेच नसते. सही केलेला, तारीख असलेला, ग्रामसभेत वाचलेला कागद मागे राहिला की इमारत पडल्यावर तरी बोट कोणाकडे दाखवावे हे कळते. तपासणीबरोबर थोडी मदतही हवी. एखादा आदिवासी तरुण स्वतःच्या जागेवर दोन गाळे काढू म्हणतो तेव्हा बँक त्याला कर्ज देण्यास कचरते, कारण बुडीत कर्जापोटी ती जागा तिला कोणाही गिऱ्हाइकाला विकता येत नाही. मग तो एखाद्या व्यापाऱ्याच्या पैशाने, व्यापाऱ्याच्या मेस्त्रीकडून आणि व्यापाऱ्याच्याच हिशेबाने इमारत उभी करतो, नाव त्याचे आणि कळा दुसऱ्याच्या. अशांना आयटीडीएने नकाशा फुकट द्यावा आणि अभियंता पाठवावा. निदान त्याच्या नावावरची इमारत तरी धडधाकट उभी राहील.

आणि मुआइन्याची सुरुवात बाजारापासून करू नये. डॉकयार्ड रोडची इमारत सरकारी होती. उटनूर मंडलातील आश्रमशाळा, वसतिगृहे, आरोग्य केंद्रे आणि आयटीडीएची स्वतःची जुनी कचेरी ह्यांच्या खांबांवर प्रथम हातोडी ठोकून पाहावी, तांबडी पाटी लावण्याची वेळ आली तर ती प्रथम तेथे लावावी, आणि त्यानंतर अभियंत्याने फीत घेऊन रस्ता ओलांडून समोरच्या कापड दुकानाच्या जिन्यावर चढावे.